शून्य टक्के शुल्क: भारताच्या संगणकीकरणामागचा १९९७चा निर्णय

मोबाइल, लॅपटॉप किंवा चिपवरच्या आयातशुल्काचा विषय निघाला की चर्चा फिरून फिरून १९९७च्या एका सहीवर येते. त्या वर्षी मार्चमध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या 'माहिती तंत्रज्ञान करारा'त सामील झाला आणि संगणक, दूरसंचार उपकरणे, चिप्स व त्यांचे अनेक सुटे भाग यांवरचे सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने २००५पर्यंत शून्यावर आणण्याचे त्याने मान्य केले. एका गटाच्या मते या सहीने देशातले इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने बुडवले. दुसऱ्या गटाच्या मते ती नसती तर सॉफ्टवेअर निर्यात उभीच राहिली नसती. जुन्या धोरणांची संगती लावून पाहिली तर यातले दुसरे म्हणणे फारसे टिकत नाही आणि पहिले निम्मेच टिकते. सहीचा खरा फायदा तिसऱ्याच कोणाला झाला, आणि त्याचा हिशेब कुठेच मांडला जात नाही.

त्याआधीचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. परकीय कंपन्यांचा हिस्सा ४० टक्क्यांवर रोखणाऱ्या १९७३च्या कायद्यानंतर संगणक क्षेत्रातली सर्वांत मोठी अमेरिकी कंपनी १९७८मध्ये देश सोडून गेली. मागे राहिलेल्या पोकळीत देशी मिनीकॉम्प्युटर कंपन्या वाढल्या. मोहालीत १९८४पासून चिप बनू लागल्या होत्या. ते संकुल १९८९च्या आगीत जळाले आणि त्या आघाडीवर देश कित्येक वर्षे मागे गेला. दरम्यान नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आणि १९८६च्या सॉफ्टवेअर धोरणाने दारे किलकिली केली होती. १९८५मध्ये एका अमेरिकी चिप कंपनीने बंगळूरला केंद्र थाटून उपग्रहामार्गे परदेशाशी जोडणी घेतली, आणि माणूस इथे बसून तिथले काम करू शकतो हे सिद्ध झाले.

पुढे १९९०मध्ये बंगळूर, पुणे आणि भुवनेश्वर इथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले. या पार्कची योजना नीट पाहिल्याशिवाय १९९७चा वाद समजत नाही. तिच्यात नोंदणी केलेल्या निर्यातदाराला परदेशी संगणक आणताना सीमाशुल्क भरावेच लागत नसे. अट एवढीच, की ती जागा सीमाशुल्क खात्याच्या बाँडखाली, म्हणजे खात्याच्या देखरेखीखाली असायची. आत आलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद वहीत होई. ते दुरुस्तीला बाहेर न्यायचे असले तरी परवानगी लागे, आणि आणलेल्या यंत्रांच्या किमतीच्या प्रमाणात निर्यात करून दाखवावी लागे. कटकट होती, यात शंका नाही. पण शुल्क नव्हते. म्हणजे १९९७ची सही होण्याच्या सात वर्षे आधीपासून सॉफ्टवेअर निर्यातदारांसाठी संगणकावरचा कर व्यवहारात शून्यच होता. निर्यात १९९०च्या आसपास वर्षाला १० ते १५ कोटी डॉलर होती, ती आज २०० अब्ज डॉलरच्या घरात आहे. या वाढीचे श्रेय इंग्रजी जाणणाऱ्या अभियंत्यांना, उपग्रह जोडणीला, जुलै १९९१च्या अवमूल्यनाला, आयकर सवलतीला आणि सन २००० उजाडण्याआधीच्या संगणकांतल्या तारीखदुरुस्तीच्या (वाय-टू-के) कामांना द्यावे लागते. शून्य शुल्काचा वाटा त्यात फारच थोडा.

मग शुल्क कोणासाठी होते? निर्यात न करणाऱ्या सगळ्यांसाठी. बँक, रेल्वे, महाविद्यालय, छापखाना, गावातला टायपिंग क्लास, हिशेब ठेवणारा लहान व्यापारी. सीमाशुल्काचा सर्वोच्च दर १९९१मध्ये १५० टक्क्यांवर आणला गेला, १९९३मध्ये ८५, १९९५मध्ये ५० आणि १९९७मध्ये ४०. दर उतरत असले तरी संगणक अजून पांढरपेशा घरालाही जड जात होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा 'असेंबल्ड' पीसीचा बाजार याच काळात फोफावला. मदरबोर्ड एकीकडून, हार्ड डिस्क दुसरीकडून, कॅबिनेट तिसरीकडून घ्यायचे आणि पावतीचा आग्रह धरायचा नाही. शुल्क जितके जास्त तितका हा बिनपावतीचा बाजार मोठा, हे साधे गणित तेव्हाच्या धोरणकर्त्यांना दिसत होते.

बँकांचे उदाहरण बोलके आहे. कर्मचारी संघटनांशी १९८३मध्ये झालेल्या समझोत्यानंतर शाखांमध्ये खातेवहीतल्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंगची यंत्रे बसू लागली, पण वेग मंद होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी केंद्रीय दक्षता यंत्रणेने सरकारी बँकांना बजावले की १ जानेवारी २००१पर्यंत ७० टक्के व्यवहार संगणकावर आले पाहिजेत. भ्रष्टाचार रोखण्यासाठी निघालेला हा आदेश बँकांच्या संगणकीकरणाला सर्वांत मोठी चालना देऊन गेला. हजारो शाखांना एकदम यंत्रे लागली, आणि नेमक्या त्याच वर्षांत आयातशुल्क खाली येत होते. पुढे शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या, २००४-०५मध्ये देशभर पैसे पाठवण्याच्या इलेक्ट्रॉनिक सोयी सुरू झाल्या, २०१६मध्ये यूपीआय आले. आज चहाच्या टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो, त्याचा पाया या स्वस्त झालेल्या यंत्रांवर आहे. विकसनशील देशाच्या वाढीत माहिती तंत्रज्ञानाचा वाटा मोजताना आपण निर्यातीचे डॉलर मोजतो. रांगेत वाचलेला दिवस, बुडीत न जाणारी उधारी, दुसऱ्या शहरातून दोन मिनिटांत आलेले पैसे हे कुठल्याच तक्त्यात स्वतंत्रपणे दिसत नाही. १९९७च्या सहीचा लाभ इथे विखुरलेला आहे, म्हणून तिची बाजू मांडणारे कोणी संघटित नाहीत. उलट ज्यांचे कारखाने बंद पडले त्यांची यादी करता येते.

आता कारखान्यांचे. करार मुळात सिंगापूरमध्ये डिसेंबर १९९६मध्ये २९ देशांनी जाहीर केला. भारत त्यात पहिल्या दिवसापासून नव्हता, काही महिन्यांनी आला. बदल्यात काय मिळाले, हा टीकाकारांचा प्रश्न रास्त आहे. सॉफ्टवेअरवर शून्य शुल्क मिळाले खरे, पण आपले सॉफ्टवेअर परदेशात जात होते ते तारेवरून आणि विमानाने जाणाऱ्या अभियंत्यांच्या डोक्यातून. सीमाशुल्काच्या टेबलावर ते येतच नव्हते. हार्डवेअर निर्यात करण्याइतकी आपली तयारी नव्हती. वाटाघाटीतली कमाई तोकडी होती, हे मान्य करायला हवे.

पण खरे नुकसान झाले ते करारात जे नव्हते त्यामुळे, असे माझे मत आहे. करार तयार यंत्रांना आणि ठरावीक सुट्या भागांना लागू होता. पण संगणकाच्या कॅबिनेटला लागणारा पत्रा, प्लास्टिकचे दाणे, तांब्याची तार, ट्रान्सफॉर्मरचा गाभा, रसायने हे करारात नव्हते. त्यामुळे परदेशातून अख्खा पॉवर सप्लाय आणला तर शुल्क शून्याकडे जाई, आणि तोच इथे बनवायला कच्चा माल आणला तर त्यावर शुल्क पडे. उद्योगात याला 'इन्व्हर्टेड ड्युटी' म्हणतात. त्याच्या जोडीला राज्यांतला विक्रीकर, महाराष्ट्रातली जकात, राज्यांच्या सीमेवर थांबलेले ट्रक, बंदरात अडकलेला कंटेनर आणि वीज गेली की चालवावा लागणारा जनरेटर. बाहेरून येणाऱ्या यंत्राला यातल्या बहुतेक गोष्टी लागत नव्हत्या. २००५पर्यंतची आठ वर्षे हे सगळे नीट करण्यासाठी हातात होती. १९९८मध्ये नेमलेल्या कृतिदलाने सॉफ्टवेअरसाठी १०८ शिफारशी केल्या आणि त्यांची अंमलबजावणी तातडीने सुरू झाली. हार्डवेअरसाठीच्या शिफारशींच्या वाट्याला ती निकड आली नाही.

उत्पादन शुल्काचा घोळ तर वेगळाच. २००४मध्ये संगणक स्वस्त व्हावेत म्हणून त्यांच्यावरचे उत्पादन शुल्क माफ झाले. ऐकायला ही कारखानदाराला मदत वाटते. प्रत्यक्षात तयार मालावर शुल्क नसले की सुट्या भागांवर भरलेल्या शुल्काची वजावट मिळत नसे. ते पैसे खर्चात जमा होत. शिवाय आयात मालावर तेव्हा उत्पादन शुल्काइतकेच भरपाई शुल्क लागे. उत्पादन शुल्क शून्य झाले की तेही शून्य. म्हणजे देशी उत्पादकाच्या डोक्यावर सुट्या भागांचा कर राहिला आणि बाहेरून आलेला तयार संगणक त्यातून सुटला. दोन वर्षांनी, २००६च्या अर्थसंकल्पात, संगणकांवर १२ टक्के उत्पादन शुल्क परत लावले गेले आणि उद्योगाने त्याचे स्वागत केले. कर वाढला म्हणून उद्योग खूश होतो हे बाहेरच्या माणसाला समजत नाही, पण वजावटीची साखळी लक्षात घेतली की समजते. दोष करारापेक्षा आपल्याच करव्यवस्थेत जास्त होता, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

इतर देशांकडे पाहिले तरी हेच दिसते. ब्राझीलने १९८४मध्ये कायदा करून आपली संगणक बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी आठ वर्षे राखून ठेवली आणि पुढे या करारातही तो गेला नाही. तरी जगाला संगणक पुरवणारा देश तो झाला नाही. चीनने २००१मध्ये जागतिक व्यापार संघटनेत येताना हीच शून्य शुल्काची अट पत्करली. व्हिएतनामने २००७मध्ये तेच केले. दोघांचे कारखाने वाढले. बंदर, वीज, जमीन आणि कामगारांची वसतिगृहे त्यांनी आधी किंवा बरोबरीने उभी केली होती.

आपल्याकडेही हे जमू शकते याची झलक श्रीपेरुंबुदूरला मिळाली. चेन्नईजवळच्या या गावात फिनलंडच्या एका मोबाइल कंपनीने २००६मध्ये उत्पादन सुरू केले. मोबाइलवर संरक्षक शुल्क नव्हते, तरी कारखाना चालला, इथून फोन परदेशी जाऊ लागले. सुटे भाग बनवणारे पुरवठादारही शेजारी आले. कारखान्यात तरुण मुलींची संख्या मोठी होती. पण २०१३मध्ये कराचा मोठा वाद उभा राहिला, मालमत्तेवर जप्ती आली, जागतिक बाजारात कंपनीची पीछेहाट आधीच सुरू होती, आणि नोव्हेंबर २०१४मध्ये तिथले उत्पादन थांबले. हजारो हात रिकामे झाले. या बंद पडण्याचा १९९७च्या कराराशी काही संबंध नव्हता, तरी नंतरच्या भाषणांत तो जोडला जातो.

मधल्या काळात सरकारी अंदाज असा होता की २०२०पर्यंत देशाची इलेक्ट्रॉनिक मालाची मागणी ४०० अब्ज डॉलर होईल आणि उत्पादन जेमतेम त्याच्या चौथा हिस्सा असेल. आकडा प्रत्यक्षात तसा उतरला नाही, पण त्याने धोरणाचा सूर बदलला. २०१५मध्ये करार वाढवून आणखी वस्तू त्यात घेण्याचे ठरले तेव्हा भारत बाहेर राहिला. त्याच वर्षी मोबाइलवर १२.५ टक्के भरपाई शुल्क आणि देशी उत्पादकाला वजावट न घेतल्यास १ टक्का उत्पादन शुल्क, असा फरक ठेवून जुळणीला चालना दिली गेली. जीएसटी आल्यावर तो मार्ग बंद झाला, म्हणून जुलै २०१७मध्ये मोबाइलवर थेट १० टक्के सीमाशुल्क लागले, डिसेंबरमध्ये १५, फेब्रुवारी २०१८मध्ये २०.

यावर युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांनी जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. भारताचा युक्तिवाद दोन पायांवर उभा होता. पहिला: १९९७मध्ये आजचा स्मार्टफोन अस्तित्वातच नव्हता, तेव्हा त्याबद्दल शब्द दिला असे म्हणता येणार नाही. दुसरा: २००७मध्ये जगभर वस्तूंच्या वर्गीकरणाचे क्रमांक बदलले, त्या वेळी जुन्या यादीचे नव्या यादीत रूपांतर करताना भारताकडून अनवधानाने जादा वस्तू शून्य शुल्काखाली गेल्या. करारातील चूक रद्द ठरवता येते, या आंतरराष्ट्रीय करारांचे नियम ठरवणाऱ्या व्हिएन्ना करारनाम्यातल्या तरतुदीचाही आधार घेतला गेला. एप्रिल २०२३मध्ये तिन्ही प्रकरणांत निकाल भारताच्या विरोधात गेला. जपान आणि युरोपीय संघाच्या प्रकरणांत भारताने अपील केले, पण अपील ऐकणाऱ्या मंडळात डिसेंबर २०१९पासून पुरेसे न्यायाधीशच नाहीत. त्यामुळे ती प्रकरणे जागच्या जागी आहेत. स्मार्टफोनबद्दलचा पहिला मुद्दा कायद्यात टिकला नसला तरी त्यात दम आहे, असे मला वाटते. पंचवीस वर्षांत वस्तूच बदलून जाते आणि शब्द मात्र तोच बांधून ठेवतो, ही अडचण उद्या इतर देशांनाही भेडसावणार आहे.

करारामुळे लॅपटॉपवर शुल्क लावता येत नाही म्हणून ३ ऑगस्ट २०२३ला आयातीसाठी परवाना सक्तीचा केला गेला. दुसऱ्याच दिवशी ही सक्ती पुढे ढकलावी लागली आणि नोव्हेंबरपासून नोंदणीवजा सौम्य व्यवस्था आली. परवान्यापेक्षा उत्पादनाशी जोडलेले प्रोत्साहन जास्त कामी आले. मोबाइलसाठी २०२०मध्ये ४०,९५१ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, श्रीपेरुंबुदूर परिसरात फोनची जुळणी पुन्हा जोरात सुरू झाली, आणि २०२४-२५मध्ये स्मार्टफोनची निर्यात २० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. यातले बरेच सुटे भाग अजून बाहेरूनच येतात, म्हणून निर्यातीचा आकडा पाहताना आयातीचा आकडा शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

जुलै २०२४मध्ये मोबाइलवरचे शुल्क २० वरून १५ टक्क्यांवर आले. मार्च २०२५मध्ये सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची स्वतंत्र योजना मंजूर झाली. आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात इंटरॲक्टिव्ह फ्लॅट पॅनलवरचे (स्पर्शाने चालणाऱ्या मोठ्या पडद्यावरचे) शुल्क १० वरून २० टक्के करून त्याच्या ओपन सेल (पडद्याचा मूळ भाग) व इतर भागांवरचे ५ टक्क्यांवर आणले गेले. भाषणात कारण दिले होते: इन्व्हर्टेड ड्युटी दूर करण्यासाठी.