जुन्या मारुती जिप्सीचं पत्राकाम घरीच केलंय? आरसी नूतनीकरणाआधी हे वाचा

फ्लोअरचा पत्रा गंजून चाळणी झाला, तो कापून १८ गेजचा नवा पॅच मारला, दाराखालची पट्टी बदलली, प्रायमर मारला. एवढ्यासाठी आरटीओची परवानगी लागते का? नाही. मूळ आकार तोच राहिला तर ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे. बॉडीचा प्रकार, आसनं, इंजिन असं आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, लिहिलेलं काही बदललं, की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. छप्पर कापून उघडी गाडी करणं किंवा फ्रेम लांबवणं घरी सहज जमेल, पण नियमात बसवता येणार नाही. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे बुलबार, म्हणजे बंपरसमोरचा जाड लोखंडी दांडा, वेल्ड करायचा मोहही आवरा. केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे.

रंगाचं वेगळं. तो बदलला तर आरसीत नोंदवून घ्या. मात्र ऑलिव्ह ग्रीन नकोच. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. लष्कराने काढून टाकलेली, म्हणजे डिस्पोजलची, जीप घेणाऱ्या निम्म्या हौशी मंडळींना नेमका तोच हवा असतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर वेळी ५ वर्षांनी वाढते. अर्ज आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच करता येतो. गाडी कुणाकडून घेतली असेल आणि अजून नावावर झाली नसेल, तर आधी फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण करा. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर फॉर्म ३५ देऊन तो उतरवा.

परिवहन पोर्टलवर फॉर्म २५ भरायचा, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये जास्तीचे. हलक्या मोटारीचं शुल्क १५ वर्षांनंतर ५,००० रुपये आहे आणि गाडी २० वर्षांच्या पुढे गेली की २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन आणि इंजिन-चेसिस नंबरांची पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, आधीच बसवून ठेवा.

मग गाडी तपासणीला न्यायची. नागपुरात एमएच ३१ शहर, ४९ पूर्व आणि ४० ग्रामीण. जिथे नोंद आहे तिथलीच वेळ घ्या, आणि उन्हाळ्यात शक्यतो सकाळची. लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, ब्रेक घरूनच तपासून निघा. वेल्डिंगच्या वेळी वायरिंगला हात लागलेला असतो, त्यामुळे मागचा एखादा दिवा हमखास मुका होतो.

माझी पहिली फेरी मात्र वाया गेली ती प्रिंटपायी. फ्रेमला अँटीरस्टचे दोन जाड हात मारले होते आणि चेसिस नंबर त्याखाली बुजला होता. पेन्सिल घासली तरी आकडे उठेनात. तिथे ग्राइंडर लावायचा तर नंबर घासला जायची भीती, कारण नंबरात खाडाखोड दिसली तर प्रकरण गाडी चोरीची तर नाही इथपर्यंत जातं. शेवटी थिनर आणि फडकं घेऊन अर्धा तास चिकाटीने घासलं. तुम्ही काम सुरू करायच्या आधीच त्या नंबरवर ग्रीस लावून मास्किंग टेप चिकटवा, आणि दोन प्रिंट घेऊन फाइलला लावून ठेवा.