‘पावती घ्या, पैसे परत मिळतात’ हे कितपत खरं?

बडोद्याला दांडिया बाजारात वर्गणी मागत फिरताना हे वाक्य दर तिसऱ्या दारात कानी पडतं. "80जीची पावती देता ना? मग काय, सगळे पैसे करातून सुटतात!" आमचेच कार्यकर्ते हेच सांगून देणगी काढतात. हेतू चांगला, हिशेब चुकीचा.

1961च्या आयकर कायद्यातल्या कलम 80जीची, म्हणजे देणगीवरची, सवलत करातून नाही, करपात्र उत्पन्नातून मिळते. परवा एका काकांना पावतीच्या मागेच पेन्सिलीने मांडून दाखवलं. देणगी 10,000. बहुतेक धर्मादाय संस्थांना दिलेली देणगी निम्मीच धरतात, म्हणजे उत्पन्नातून 5,000 वजा. काका 20 टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणून कर वाचला 1,000, उपकर धरून 1,040. काका चष्मा काढून म्हणाले, "एवढंच होय?" हो, एवढंच. शिवाय अशा देणग्यांना उत्पन्नाच्या साधारण 10 टक्क्यांची मर्यादा असते. काही सरकारी निधींना मात्र पूर्ण 100 टक्के वजावट आहे.

नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी बंद) गेलात तर तेही नाही. 2,000च्या वर रोख दिलीत तर नाही. तांदळाची पोती, जुने कपडे, वह्या यांचीही सवलत नाही (पुण्य मिळत असेल, तो विभाग वेगळा). आणि 2021-22पासून नुसती पावती पुरत नाही, संस्थेकडून फॉर्म 10बीईचं प्रमाणपत्र मागून घ्यावं लागतं.

सगळं ऐकून काकांनी 10,000चा चेक फाडलाच. पावतीवर पॅन मात्र आठवणीने लिहवून घेतला.