प्रतिसादी प्रकाशफरशी

पाऊल पडताच किंवा माणूस वरून चालत गेल्यावर त्या जागचा प्रकाश, रंग वा आकृती बदलेल अशा रीतीने संवेदक (दाब, स्पर्श इत्यादी ओळखणारी साधने) व दिवे बसवून तयार केलेली चौकटींची फरशी. नृत्यगृहे, विज्ञानकेंद्रे, प्रदर्शने आणि मांडणशिल्पे यांमध्ये तिचा वापर होतो. अभियांत्रिकी, वास्तुकला व अभिकल्प (डिझाइन) या शाखांचे विद्यार्थी ती गटप्रकल्प म्हणून बांधतात, कारण सुतारकाम, विद्युत्‌जोडणी, संगणकी आज्ञावली आणि माणसांच्या वागण्याचे निरीक्षण या चारही गोष्टी तीत एकाच वेळी कराव्या लागतात. खालून उजळणारी, पण ठरलेल्या क्रमानेच रंग बदलणारी फरशी या संज्ञेत मोडत नाही. तिला केवळ प्रकाशित फरशी म्हणणे योग्य. हा भेद सामान्य वापरात पाळला जात नाही आणि या फरशीच्या उगमाविषयीचा मतभेद बहुतांशी त्यातूनच निर्माण झालेला आहे.

उगम : प्रचलित समजुतीनुसार ही फरशी डिस्को नृत्यगृहांतून आली. १९७७ मधील ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या अमेरिकी चित्रपटासाठी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातल्या एका नृत्यगृहात उजळणारी फरशी बसविण्यात आली आणि त्यानंतर अशा फरश्यांचे पेव फुटले. चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन बॅडम यांना ही कल्पना अॅलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहराच्या एका क्लबमधील फरशीवरून सुचली असे सांगितले जाते. ते मानल्यास प्रकाशित नृत्यफरशीचा काळ डिस्कोच्याही मागे जातो. मात्र या परंपरेतील फरशा दिव्यांच्या फरशा होत्या. पायांची दखल घेण्याची सोय त्यांत नव्हती आणि नर्तक कोठे उभा आहे यावर त्यांची नक्षी अवलंबून नव्हती.

दुसरे मत या फरशीचा उगम संगणकाधारित कलेत पाहते आणि प्रतिसाद हेच लक्षण प्रमाण मानले, तर ते अधिक ग्राह्य ठरते. १९६९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील कलादालनात ‘ग्लोफ्लो’ ही मांडणी दाखविण्यात आली. तिच्या कर्त्यांपैकी मायरन क्रूगर हे त्या वेळी तेथे संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. या विषयावरील त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध १९७४ चा आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतींलगत पारदर्शक नळ्या बसवून त्यांतील पाण्यात निरनिराळ्या रंगांची स्फुरदीप्त (प्रकाश शोषून नंतर अंधारात चमकणारी) द्रव्ये मिसळलेली होती आणि जमिनीवर दाबसंवेदी पट्ट्या होत्या. त्यांवर पाय पडल्याची नोंद लघुसंगणकाकडे जाई व त्यानुसार नळ्या उजळत आणि ध्वनी बदलत असे. दिवे येथे फरशीत नसून भिंतींवर होते, असा आक्षेप घेता येतो. तथापि पावलाची दखल फरशीने घ्यावी आणि उत्तर प्रकाशाने द्यावे ही जोडी येथे पूर्ण झालेली दिसते.

‘ग्लोफ्लो’मध्ये पाऊल पडणे आणि प्रकाश उमटणे यांत मुद्दाम विलंब ठेवला होता. लोकांनी प्रतिसाद मिळविण्यासाठी धडपड सुरू केली तर खोलीतील शांत, चिंतनशील वातावरण बिघडेल अशी त्यामागील भीती होती. परिणामी आपल्यामुळे काही घडते आहे हे अनेकांच्या ध्यानातच येत नसे. क्रूगर यांनी यातून उलटा निष्कर्ष काढला: प्रतिसाद हेच माध्यम असून पाहणाऱ्याला तो कळला पाहिजे. १९७१ च्या ‘सायकिक स्पेस’ या त्यांच्या पुढील कामात संपूर्ण जमीनच संवेदकांच्या जाळीने व्यापलेली होती. तीत चालणाऱ्याला पडद्यावरील चक्रव्यूहातून आपले चिन्ह पुढे न्यावे लागे आणि कोणी रेषा ओलांडून लबाडी करू लागल्यास ती रेषा त्याच्याबरोबर रबरासारखी ताणली जाऊ शके. प्रतिसाद किती शीघ्र असावा आणि किती उघड, हा आजही विद्यार्थ्यांच्या गटांत वादाचा विषय होतो. त्याचे मूळ या दोन कामांतील फरकात आहे.

पुढील टप्प्यांपैकी रेमो सारासेनी यांनी १९८२ च्या सुमारास तयार केलेला, पायांनी वाजविण्याचा मोठा पियानो लोकप्रिय झाला. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या मीडिया लॅबने दाबविद्युत् (दाब पडताच वीज निर्माण करणाऱ्या) तारांची जाळी गालिच्याखाली अंथरून पावलांचा मागोवा घेतला. स्वित्झर्लंडमधील २००२ च्या राष्ट्रीय प्रदर्शनात ‘आडा’ नावाच्या खोलीत ३६० षट्‌कोनी फरशा होत्या. त्या प्रत्येकीत दाबसंवेदक व रंगीत दिवे एकत्र बसविलेले असल्यामुळे आजच्या अर्थाने पूर्ण प्रतिसादी प्रकाशफरशीचे ते ठळक उदाहरण मानता येते. पाच लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली.

रचना : चौकट साधारणपणे १५ ते ३० सेंमी. बाजूची घेतात. खाली लाकडी किंवा धातूचा सांगाडा, त्यावर दिव्यांची पट्टी, मधे प्रकाश शेजारी झिरपू नये म्हणून उभ्या पडद्या आणि वर दुधी रंगाचे जाड अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट अशी तिची मांडणी असते. अॅक्रिलिक स्वस्त व सुबक दिसते, परंतु आघाताने तडकते. म्हणून नाचासाठी पॉलिकार्बोनेट श्रेयस्कर. दिवा आणि वरचा पत्रा यांत पुरेसे अंतर नसल्यास चौकट सारखी न उजळता ठिपके दिसतात. इमारतींवरील भारांविषयीच्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात खिळवलेली आसने नसलेल्या सभागृहासाठी प्रतिचौरस मीटर ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किग्रॅ. वजनाइतका भार धरण्यास सांगितले आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांतही हाच आकडा धरणे इष्ट, कारण उडी मारणाऱ्याचा क्षणिक भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

पूर्वी रंगीत काचांखाली साधे बल्ब लावीत. १९९० च्या दशकात तेजस्वी निळा प्रकाश उत्सर्जक डायोड उपलब्ध झाल्यावर एकाच ठिकाणी तिन्ही मूळ रंग मिसळता येऊ लागले. २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथील अभिकल्प संस्थेत आर्दुइनो हे स्वस्त सूक्ष्मनियंत्रक फलक तयार झाले आणि हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूएस२८१२ जातीच्या डायोडमध्ये चालक मंडल आतच असते व एकाच तारेवरून ओळीने सर्वांना आज्ञा जाते. प्रत्येक डायोडला २४ बिट लागतात व त्यासाठी ३० मायक्रोसेकंद जातात. ३२ × १६ अशा ५१२ चौकटींच्या फरशीत प्रत्येकी एकच डायोड धरला, तरी एक चित्र पाठविण्यास सुमारे १५ मिलिसेकंद पुरतात. म्हणजे सेकंदाला साठाहून अधिक चित्रे दाखविता येतात. स्मृती मात्र १,५३६ बाइट लागते आणि आर्दुइनोच्या ‘उनो’ या फलकाची एकूण कार्यस्मृती २,०४८ बाइट असल्याने बाकी कामासाठी फारच थोडी जागा उरते. विजेचा हिशेबही आधीच करावा लागतो. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येकी सुमारे ६० मिलिअँपिअर धरल्यास ५ व्होल्टवर एकूण ३० अँपिअरहून अधिक प्रवाह होतो. तो एका टोकाकडून दिल्यास तारेत व्होल्टेज घटत गेल्यामुळे दूरचे दिवे तांबूस पडतात, म्हणून वीज अनेक ठिकाणी जोडतात.

संवेदन हा या रचनेतील सर्वांत नाजूक भाग होय. प्रत्येक चौकटीला स्वतंत्र तार देण्याऐवजी आडव्या-उभ्या तारांची जाळी केल्यास ५१२ ऐवजी ४८ तारा पुरतात. पण आयताच्या तीन कोपऱ्यांवर पाय पडले की चौथा कोपराही दाबला गेल्याचा भास होतो. प्रत्येक छेदावर वीज एकाच दिशेने जाऊ देणारा साधा डायोड घालून हा दोष टाळता येतो. कार्बनयुक्त प्लॅस्टिकचा दाबसंवेदी पडदा स्वस्त असतो, पण सतत दाबाखाली त्याचे माप सरकते. परावर्तित अवरक्त किरणांचा संवेदक काळ्या तळव्याच्या बुटाला कमी आणि पांढऱ्याला जास्त प्रतिसाद देतो, शिवाय उन्हात गोंधळतो. धारिता (विद्युत्भार साठविण्याची क्षमता) मोजणाऱ्या संवेदकाला अनवाणी पाय जाड रबरी तळव्यापेक्षा अधिक जोरात जाणवतो. जोडे काढून आत येण्याचा प्रघात असलेल्या सभागृहात प्रयोगशाळेत बूट घालून लावलेली मापे बदलावी लागतात, ही साधी गोष्ट ऐनवेळी लक्षात येते.

पाय ज्या चौकटीवर असतो तिचाच प्रकाश पायाने झाकला जातो. म्हणून आज्ञावलीत शेजारच्या चौकटी उजळविणे किंवा पावलाभोवती लहरी पसरविणे अधिक परिणामकारक ठरते. पाऊल व प्रकाश यांतील अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत राहिल्यास उत्तर तात्काळ वाटते.

महाराष्ट्रात या प्रकल्पांचे सुटे भाग मुख्यतः मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली येथून घेतले जातात. स्नेहसंमेलनापुरती बांधलेली फरशी नंतर बहुधा उलगडली जाते आणि तिचे दिवे व विद्युत्पुरवठा पुढील तुकडीच्या कामी येतात.