ली (इंग्रजी आडनाव)

ली : जुन्या इंग्रजीतील ‘लेआह’ या शब्दावरून आलेले भूवाचक आडनाव. या शब्दाचा अर्थ ‘जंगल’ किंवा ‘जंगलातील मोकळी जागा’ असा दिला जातो. रोमन लिपीत हे आडनाव एल-ई-ई, एल-ई-ए, एल-ई-आय-जी-एच असे लिहितात. चेशरमधील काही जुनी घराणी एल-ई-जी-एच असेही लिहीत. उच्चार बहुधा एकच असल्याने देवनागरीत हा भेद पुसला जातो. ॲटली हे आडनावही याच शब्दाचे.

‘लेआह’चे मूळ आद्य जर्मानिक ‘लाउहाझ’ आणि त्यामागे ‘प्रकाश, उजेड’ या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू असे मानतात. लॅटिन ‘लूकुस’ (पवित्र वनराई), लिथुएनियन ‘लाउकास’ (शेत) आणि संस्कृत ‘लोक’ हे त्याचे सगोत्र शब्द. ‘लोक’चा जुना अर्थ माणसे असा नसून मोकळी, प्रशस्त जागा असा आहे. ऋग्वेदात वारंवार येणाऱ्या ‘उ लोक’ या शब्दप्रयोगामागे मूळचे ‘उरु लोक’, म्हणजे विस्तीर्ण अवकाश, असावे असे अनेक अभ्यासकांना वाटते. उजेड पोचतो ती जागा, हा या सर्व शब्दांमागचा समान धागा दिसतो. मग त्यातूनच दाट रानाचा अर्थ कसा निघाला, हा प्रश्न उरतो. मूळ कल्पना विरळ झाडीची, गुरे चरू शकतील अशा रानाची असावी, हे स्पष्टीकरण त्यातल्या त्यात पटण्याजोगे आहे.

इंग्लंडमधील वाद याच अर्थाभोवती आहे. पूर्वीचे कोशकार स्थलनामांतील ‘लेआह’चा अर्थ सरसकट ‘झाडे तोडून मोकळी केलेली जमीन’ असा देत. त्यामुळे अँग्लो-सॅक्सन वसाहतकार कुऱ्हाड घेऊन रान हटवीत गेले, असे चित्र उभे राही. स्थलनामांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग (१९२४–२००९) यांनी त्याला मुरड घातली. त्यांच्या मते अशी नावे मुख्यतः इंग्रजी भाषक येण्यापूर्वीपासून असलेल्या जुन्या जंगलांची खूण आहेत. नाव एकटेदुकटे असेल तर अर्थ ‘जंगल’, आणि एकाच टापूत अशी नावे दाटीने असतील तर ‘रानातील वस्तीची मोकळी जागा’. अँग्लो-सॅक्सन बखरीतील इ. स. ४७७ ची नोंद या मताला बळ देते. तीत दक्षिणेकडील मोठ्या अरण्याला ‘आंद्रेदेस्लेआगे’ म्हटले असून सोबत ‘वन’ असा स्पष्ट शब्द वापरला आहे. अर्थात बखरीचे संकलन नवव्या शतकाच्या अखेरचे असल्याने ही साक्ष त्या काळच्या वापराची धरणे सुरक्षित. आठव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या लेखांत ‘लेआह’ची स्थलनामे तुरळक आढळतात. ‘कुरण’ हा अर्थ त्याहून उशिराचा दिसतो. सरेमधील ट्यूझ्ली (तीव या अँग्लो-सॅक्सन देवाचे) आणि एसेक्समधील थंडर्झ्ली (थुनोर या देवाचे) या नावांत तर आपल्याकडच्या देवराईसारखे काही अभिप्रेत असावे.

लेखनभेदाचे कारण विभक्तीत आहे. स्थलनामे ‘अमुक ठिकाणी’ अशा अर्थाने चतुर्थीत वापरली जात. हा शब्द पुल्लिंगी तसाच स्त्रीलिंगीही चाले. एकाची चतुर्थी ‘लेआ’, तर दुसऱ्याची ‘लेआगे’ (उच्चारी ‘लेआये’च्या जवळ). पहिल्यापासून आखूड लेखन आले आणि दुसऱ्यापासून एल-ई-आय-जी-एच हे लांबलचक लेखन, असे साधारणपणे मानतात. सरेमधील याच लेखनाच्या गावाचा उच्चार मात्र आजही ‘लाय’ असा करतात.

आडनाव म्हणून हा शब्द बाराव्या शतकापासून मिळू लागतो. आरंभी ‘दे ला ली’ किंवा ‘ॲट ली’ (रानापाशी राहणारा) असे रूप असे. १३८१ च्या शेतकरी उठावानंतर सेंट ऑल्बन्समध्ये मध्यस्थी करणारा हर्टफर्डशरचा नाइट वॉल्टर ॲट ली हे त्याचे परिचित उदाहरण. पुढे शब्दयोगी अव्यय बहुतेकांनी टाकले. ज्यांच्याकडे ते चिकटून राहिले ते ॲटली झाले. २० फेब्रुवारी १९४७ रोजी भारत सोडण्याची मुदत जाहीर करणारे पंतप्रधान क्लेमंट ॲटली (१८८३–१९६७) यांचे घराणे सरेमधील होते. ली किंवा ली-अंत्य नावाची गावे इंग्लंडभर असल्याने सर्व ली एका कुळाचे असण्याची शक्यता नाही. रानाकाठी घर असलेला माणूस कोणता आणि ली गावाहून आलेला कोणता, हेही जुन्या नोंदींवरून क्वचितच सांगता येते.

चेशरच्या लाइम येथील जमीन पिअर्स ली व त्याची पत्नी मार्गारेट यांना १३९८ मध्ये मिळाली आणि १९४६ पर्यंत ती घराण्याकडे राहिली. व्हर्जिनियातील घराण्याचा मूळ पुरुष रिचर्ड ली १६३९ च्या सुमारास अमेरिकेत गेला. त्याचे मूळ श्रॉपशरच्या कोटन येथील लींशी जोडण्याची परंपरा आहे. ते मूळ वूस्टरचे, असाही पक्ष मांडला गेला आहे. सेनापती रॉबर्ट ई. ली (१८०७–७०) याच घराण्यातले. दार्जिलिंगला जन्मलेल्या अभिनेत्री व्हिव्हियन ली (१९१३–६७) मूळच्या हार्टली. ‘ली’ त्यांनी पतीच्या मधल्या नावावरून घेतले. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात येणारा ली आयोग (१९२३–२४) लॉर्ड ली ऑफ फेरहॅम यांच्या नावाचा. लोकसेवा आयोगाची शिफारस त्याचीच.

सामासिक आडनावांत हा शब्द अधिक पसरला आहे : ॲश्ली, ओक्ली, स्टॅन्ली, ब्रॅड्ली. क्रिकेटप्रेमींच्या हेडिंग्लीत आणि फुटबॉलच्या वेम्ब्लीतही तोच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला मराठी फौजांशी लढलेल्या आर्थर वेलस्लीचे (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) आडनाव सॉमरसेटमधील एका ‘लेआह’चे. त्याच्या आजोबांनी, रिचर्ड कॉली यांनी, ते १७२८ मध्ये वारशाबरोबर ‘वेस्ली’ या रूपात घेतले होते. वॉटर्लूमधील ‘लू’ हाही याच जर्मानिक शब्दाचा डच अवतार; म्हणजे वेलस्ली १८१५ मध्ये आपल्याच आडनावाच्या रानात जिंकला.

चिनी ली (अर्थ : आलुबुखार), कोरियन ली आणि आयरिश ‘ओ लीही’ कुळातून इंग्रजी रूप घेतलेले ली यांचा या शब्दाशी संबंध नाही. संयुक्त राष्ट्रांचे पहिले महासचिव ट्रिग्वे ली यांचे नॉर्वेजियन आडनाव ‘डोंगरउतार’ या निराळ्या शब्दाचे आहे.