‘या ना’ आणि ‘चालस’

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या वाटेवरच्या टपरीवाल्याला विचारा, पर्यटक आलेले चालतात का? तो म्हणेल, "चालस ना भाऊ." विचारणारा कागदावर खूण करतो: पर्यटनाला पाठिंबा. गफलत इथेच होते. अहिराणीतलं ‘चालस’ म्हणजे नुसतं ‘चालतं’. ‘या ना’ हे मनापासूनचं बोलावणं, ते वेगळं.

‘या ना’ म्हणणारा लगेच अटी घालतो. गाड्या खालीच लावा, पार्किंगचे पैसे गावाला द्या, धबधब्याकडे काचेची बाटली नेऊ नका. चालवून घेणारा यातलं काहीच बोलत नाही, कारण ऐकणार कोण हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वरवर पाहिलं तर दोघंही शांतच दिसतात.

डॉक्सी या पर्यटनाच्या अभ्यासकानं 1975 मध्ये पर्यटकांबद्दलच्या स्थानिकांच्या मनःस्थितीच्या चार पायऱ्या मांडल्या: आधी हर्ष, मग उदासीनता, मग चीड, शेवटी वैर. मांडणी सोयीची आहे, पण ती अख्ख्या गावाला एकाच पायरीवर उभं करते. इथे एकाच घरात थोरला भजी तळतो आणि धाकटा गुरं चारतो. पावसाळी रविवार थोरल्याचा हंगाम. धाकट्याचं काय, ते एका गुराख्यानं मला बैलाचा पाय उचलूनच दाखवलं. खुराच्या फटीत हिरवी काच रुतली होती. बाभळीच्या काट्यानं त्यानं ती हळूहळू उकरून काढली. पर्यटकांबद्दल विचारलं, तर तोही म्हणाला, "चालस."

नवरात्रात इथल्या देवळात चंडिकादेवीला येणारी गर्दी काही कमी नसते, कचराही होतोच. पण ती देवीची माणसं, त्यांच्याबद्दल कुरकुर नाही. म्हणून नुसती डोकी मोजून लोकांचं मन कळत नाही, असं माझं मत.

हा भाग 1986 च्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतो. क्षेत्र साधारण 260 चौरस किलोमीटर, कारभार वन विभागाचा. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल आणि पाणवठे राखण्याचा अधिकार दिला आहे. जंगलावरचे असे सामूहिक हक्क मान्य झालेलं गाव ‘नको’ म्हणू शकतं, तेव्हा त्याच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणता येतं. बाकी ठिकाणी प्रश्नच बदलावा: "आवडतं का?" न विचारता "तुम्ही नको म्हणालात, तर रविवारच्या किती गाड्या परत जातील?" असं विचारावं. टपरीवाल्याला मी हे विचारलं. तो हसला आणि पुढचा घाणा कढईत सोडला.