कोळिष्टक सिद्धांत

शेतमालाचा भाव एका हंगामात चढतो आणि पुढच्या हंगामात कोसळतो, या हेलकाव्यांची गणिती उकल करणारा अर्थशास्त्रातील सिद्धांत. शेतकरी आजचा भाव पाहून पेरा ठरवतो. माल बाजारात येतो काही महिन्यांनी, आणि तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही तेच केलेले असते. मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर हा प्रवास काढला की रेघा एकात एक चौकोनी वेटोळी घेतात. त्यावरून निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये हे नाव दिले. त्याआधी आर्थर हानाउ यांनी जर्मनीतील डुकरांच्या भावात असेच चक्र दाखवले होते.

सिद्धांताचे सगळे सौंदर्य एका आकड्यात आहे. आवक एका मापाने वाढली तर भाव किती पडतो, आणि भाव एका मापाने वाढला तर पुढचा पेरा किती वाढतो, या दोहोंच्या गुणाकाराला ‘ग’ म्हणू. समतोल भावापासूनचा, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या भावापासूनचा, फरक दर हंगामाला उणे ‘ग’ने गुणला जातो, बस्स, एवढेच. समतोल भाव क्विंटलला ६,००० रुपये आणि या वर्षीचा ८,००० असा समजा. ‘ग’ अर्धा असेल तर पुढचे भाव ५,०००, ६,५००, ५,७५० असे समतोलाकडे सरकतात. ‘ग’ १.२ असेल तर ३,६०० आणि मग ८,८८०, म्हणजे प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. नेमका १ असेल तर ८,००० आणि ४,००० यांचा खेळ कधीच थांबत नाही. शाळेतल्या भूमिती श्रेणीत फक्त चिन्ह आलटून-पालटून घातले की एवढे सगळे मिळते. सरळ रेषांऐवजी वक्र घेतले तर याच आकृतीतून अराजकही, म्हणजे कधीच ठराविक चाल न धरणारे चढउतारही, निघतात. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये प्राणिसंख्येच्या ज्या साध्या समीकरणांकडे लक्ष वेधले, त्यांचा अभ्यास आजही कोळिष्टक काढूनच शिकवतात.

नागपूरकरांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. कळमना बाजारात येणारी तूर हे याचे चोख उदाहरण. वरणाशिवाय जेवण होत नाही, त्यामुळे डाळ महागली तरी मागणी फारशी हटत नाही. उलट पेरा चंचल असतो : तूर बहुधा कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून येते, आणि तिच्या ओळी वाढवायला फार खर्च लागत नाही. ताठर मागणी आणि चंचल पेरा, म्हणजे ‘ग’ मोठा. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. २०१६ च्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली, पाऊसही बरा झाला, आणि देशाचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या घरात गेले. बोनससह ५,०५० रुपयांचा हमीभाव असताना बाजारभाव त्याखाली घसरला. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदान्याअभावी गाड्या ताटकळल्या. गंमत अशी, की त्याच २०१६ मध्ये भारताने मोझांबिककडून डाळ आणण्याचा करार केला होता. मागच्या भावाकडे पाहून पुढचे ठरवण्याचा दोष एकट्या शेतकऱ्याला देता येत नाही.

अर्थतज्ज्ञ जॉन म्यूथ यांनी १९६१ मध्ये यावरच बोट ठेवले : दरवर्षी हात पोळूनही माणसे तीच चूक का करतील? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. पुढे भाव पडेल हे कळले तरी उसनवारी डोक्यावर असलेल्या कास्तकाराला दुसरे पीक घ्यायला पैसा आणि पाणी लागते. हमीभावाने खरी खरेदी झाली तर भावाला खालून टेकू मिळतो आणि झोका तिथेच अडतो. हमीभाव नुसता जाहीर झाला तर समीकरणात काहीच बदलत नाही.

संत्र्याचे गणित आणखी अवघड. कलम लावल्यापासून फळ धरायला पाचेक वर्षे जातात, त्यामुळे विलंब एका हंगामाचा राहत नाही आणि समीकरण वरच्या कोटीचे होते, म्हणजे त्यात अनेक वर्षांमागचे भाव येतात. नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक असलेल्या बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क वाढवत २०२३ पर्यंत किलोला ८८ रुपयांवर नेले, तेव्हा फळ देत असलेल्या बागा हे शुल्क कुणाच्या ध्यानीमनी नसताना लावलेल्या होत्या. झाडे उपटणे हा शेवटचा उपाय. त्याआधी बागायतदाराच्या हाती एक लहानशी निवड असते : पाण्याचा ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार धरायचा, की जून-जुलैत फुलणारा मृग.