विहीर, बोअर आणि नाल्याच्या पाण्याची पीफास चाचणी: अर्ज कोणी व कसा करावा

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांना भूजलातील फ्लोराइडची तपासणी परिचित आहे. तो अहवाल हाती असला, तरी पीफास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वर्षानुवर्षे न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांबद्दल त्यातून काहीही कळत नाही. फ्लोराइड बहुधा खडकांतून पाण्यात उतरते आणि मिलिग्रॅममध्ये मोजले जाते. पीफास मात्र मानवनिर्मित असून अग्निशमनाचा फेस, क्रोमचा मुलामा, जलरोधक लेप यांतून येतात आणि नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत मोजावे लागतात. गावातल्या फील्ड टेस्ट किटने हे काम होत नाही; त्यासाठी एलसी-एमएस/एमएस हे यंत्र लागते.

चाचणीसाठी ग्रामपंचायत, शेतकरी किंवा संस्था यांपैकी कोणीही अर्ज करू शकते. प्रयोगशाळा निवडताना एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे एवढे पाहून थांबू नये. मान्यतेच्या व्याप्तीपत्रात, म्हणजे कोणत्या चाचण्यांना मान्यता आहे त्या यादीत, पीफासचा आणि वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा उल्लेख आहे का, हे वाचावे. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या ५३३ व ५३७.१ या पद्धती आहेत, तर नाला, नदी, सांडपाणी यांसाठी १६३३ ही पद्धत असून तिच्यात ४० संयुगे मोजली जातात.

प्रयोगशाळेच्या नमुना-पत्रकासोबत ग्रामपंचायतीने मासिक सभेच्या ठरावाची प्रत द्यावी, कारण खर्चाला मंजुरी तिथेच मिळते. खासगी विहीर असल्यास मालकाचे ओळखपत्र आणि विहिरीची नोंद असलेला सातबारा जोडून ठेवणे पुढे उपयोगी पडते. स्रोताचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, नमुना घेणाऱ्याचे नाव आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला याची सह्यांसह नोंद, हे कागद कोणी मागितले नाहीत तरी तयार ठेवावेत.

खरी अडचण नमुना घेताना येते. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवाव्यात, त्या विसळू नयेत आणि पाणी एका बाटलीतून दुसरीत ओतू नये, कारण ही रसायने बाटलीच्या भिंतीला चिकटतात. बोअरच्या सांध्यांवर प्लंबर जी पांढरी टेप गुंडाळतो, ती टेफ्लॉनची, म्हणजे याच कुळातली असते. म्हणून शक्य तिथे पाणी अशा सांध्यापर्यंत पोहोचण्याआधीच नमुना घ्यावा आणि पंप आधी काही वेळ चालू ठेवावा. नमुना घेणाऱ्याने जलरोधक रेनकोट घालू नये, हाताला मलम-क्रीम लावू नये आणि नवे नायट्राइल हातमोजे वापरावेत. प्रयोगशाळेने दिलेले शुद्ध पाणी जागेवरच एका रिकाम्या बाटलीत भरून तोही नमुना पाठवावा. बाहेरून झालेली भेसळ त्यातूनच उघडी पडते. मे महिन्याच्या उन्हात बाटल्या साध्या बर्फात ठेवून त्याच दिवशी रवाना कराव्यात, शनिवारी पार्सल करू नये.

अहवालात "आढळले नाही" असे असले, तर आधी मापनमर्यादा, म्हणजे प्रयोगशाळा कमीत कमी किती प्रमाण मोजू शकते, ते पाहावे. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत पीफाससाठी मर्यादा नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए व पीएफओएस या दोन संयुगांसाठी प्रत्येकी लीटरला ४ नॅनोग्रॅम, तर युरोपीय संघाने २० संयुगांच्या बेरजेसाठी १०० नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. प्रयोगशाळा ५० नॅनोग्रॅमच्या खाली मोजूच शकत नसेल, तर चारच्या कसोटीवर त्या अहवालाला अर्थ उरत नाही.

एखाद्या कारखान्यावर कारवाई हवी असल्यास स्वतः घेतलेला नमुना पुरेसा ठरत नाही. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने विहित पद्धतीने घ्यावा लागतो. तरच तो न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. त्यामुळे आपला अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. मंडळाने हालचाल केली नाही, तर कलम ४९ नुसार ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करता येते.